ओईटीची तयारी करताना: ‘हिम’ आणि ‘हर’ नंतरचं क्रियापद

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. मी त्यासाठी ओईटी (ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट) ही आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा निवडली, कारण तिच्यात बोलणं आणि पत्र दोन्ही आपल्याच कामातलं असतं. वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ३५०, लेखनात ३०० गुण लागतात. जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ड्युट्या करता करता मी ती दिली आणि पास झाले. माझी शाळा अमळनेर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. शब्दांची अडचण नव्हती, ते नर्सिंगच्या शिक्षणात मिळाले होते. खरा वेळ गेला तो एका रचनेवर: एक क्रियापद, मग हिम, हर किंवा देम, आणि लगेच दुसरं क्रियापद.

या रचनेवाचून नर्सचं पान हलत नाही. आपण दिवसभर पेशंटला उठवतो, बसवतो, चालवतो. मराठीत क्रियापदाच्या पोटातच ‘करायला लावणं’ बसलेलं असतं. इंग्रजीत ते सुटं करावं लागतं आणि क्रमही फिरतो. ‘त्याला थांबायला सांग’ यात सांग शेवटी; ‘टेल हिम टू वेट’ यात ते सगळ्यात आधी. शिवाय ‘त्यांनी विश्रांती घ्यावी असं मला वाटतं’ हे मनात घोळत असलं की आपल्याकडे सर्रास ‘आय वॉन्ट दॅट ही शुड टेक रेस्ट’ निघतं. इंग्रजीला तिथे ‘आय वॉन्ट हिम टू रेस्ट’ हवं असतं. बोलण्याच्या परीक्षेत पेशंटला कुशीवर वळायला सांगायचं तर ‘आयड लाइक यू टू टर्न ऑन युअर साइड’ म्हटलं की आदरही राहतो आणि वाक्यही बरोबर येतं.

बाजारात मिळणाऱ्या क्रियापदांच्या याद्या मी पाठ केल्या नाहीत. ड्युटी संपली की त्या दिवशी पेशंटला किंवा नातेवाइकाला जे बोलले होते तेच वहीत लिहायचे आणि त्याखाली इंग्रजी. ‘बाबांना एकट्याने उठू देऊ नका’: ‘डोन्ट लेट हिम गेट अप अलोन’. लेट आणि मेक यांच्यानंतर टू येत नाही. मराठीत देणं आणि लावणं यांची रूपं वेगळी, उठू देतो पण उठायला लावतो. इंग्रजीत दोन्हीकडे नुसतं गेट अप. खेड्यावरून आलेली म्हातारी माणसं ‘माले घर जाऊ दे’ म्हणायची, तेव्हा माझ्या मनात ‘लेट मी गो होम’ आपोआप जुळायचं. गेट मात्र टू मागतं. जेवायला नाही म्हणणाऱ्या आजीला समजावून दोन घास खायला लावले तर ‘आय गॉट हर टू ईट’. हेल्पला दोन्ही चालतं, ‘हेल्प हिम सिट अप’ किंवा ‘हेल्प हिम टू सिट अप’.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘नॉट’वर घालवला, आणि प्रत्येक नर्सने घालवावा असं मला मनापासून वाटतं. ऑपरेशनच्या आधी पेशंटला उपाशी ठेवायचं असतं. ‘टेल हिम नॉट टू ईट’ म्हणजे खाऊ नको असं त्याला सांग. ‘डोन्ट टेल हिम टू ईट’ म्हणजे खायला सांगू नकोस; यात मनाई पेशंटला पोचतच नाही आणि तो बिस्किट खाऊन बसू शकतो. भूल देताना पोट भरलेलं असेल तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. नॉट कुठे बसतो यावर एवढं अवलंबून आहे.

तितकंच महत्त्वाचं पाहण्या-ऐकण्याचं. ‘आय सॉ हर फॉल’ म्हणजे ती पडली ते मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. ‘आय हर्ड हिम ग्रोनिंग’ म्हणजे कण्हणं चालूच होतं, त्यातला काही भाग माझ्या कानावर आला. आपल्या ‘कण्हताना’च्या जवळचं. आणि पेशंट आधीच जमिनीवर होती, मी नंतर पोचले, तर ‘आय फाउंड हर लाइंग ऑन द फ्लोर’. फाइंडनंतर इथे आयएनजी हवंच. वॉर्डात कोणी पडलं की नोंद करावी लागते, आणि आपण नेमकं काय पाहिलं हे त्या नोंदीत खरं उतरायला हवं. पडताना पाहिलं नसेल तर सॉ लिहायचंच नाही.

ऐकण्याच्या भागात अडचण वेगळी. भरभर बोलताना इंग्रजी माणूस हिम आणि हर यांतला ‘ह’ गिळतो. ‘टेल हिम’चं टेलिम होतं, ‘आस्क हर’चं आस्कर. सर्वनाम कुठे गेलं ते शोधत बसलं तर पुढचं औषधाचं प्रमाण निसटतं. मी रेकॉर्डिंग थांबवून तेच वाक्य त्याच वेगाने मोठ्याने म्हणायचे. आपल्या तोंडून तसं आलं की कानही ते धरतो.

लेखनात पेशंटबद्दल पत्र लिहायला ४५ मिनिटं मिळतात, त्यातली पहिली ५ नुसती केस नोट्स वाचायला. या पत्रात कर्मणी प्रयोग बराच लागतो, आणि तिथे मेकला सोडलेला टू परत येतो: ‘ही वॉज मेड टू वेट’. लेटचा कर्मणी प्रयोग अशा वाक्यात करत नाहीत, म्हणून ‘ही वॉज अलाउड टू गो होम’. ॲडव्हाइज, रिमाइंड, एन्करेज ही भरवशाची क्रियापदं, ‘शी वॉज ॲडव्हाइज्ड टू वॉक डेली’ असं सरळ लिहिता येतं. सजेस्ट मात्र दिसायला ॲडव्हाइजसारखं, पण ‘सजेस्टेड हिम टू रेस्ट’ चालत नाही. ‘सजेस्टेड दॅट ही रेस्ट’ लिहावं लागतं. एक्सप्लेनलाही हिम थेट जोडत नाहीत, मध्ये टू हवा: ‘एक्सप्लेन्ड टू हिम’. या दोघांना मी वहीत वेगळं पान दिलं होतं, आणि सरावाचं पत्र लिहून झालं की शेवटची नजर त्यांच्यावरच टाकायचे.