बावीस हजारांचा हेडसेट आणि नदीपात्रातले ढोल

परवा रात्री मामेभावाचा मेसेज आला. "ताई, बावीस हजारांचा हेडसेट घेतोय. ऑफर रविवारपर्यंतच आहे. घेऊ ना?" खाली तीन फोटो, त्यातला एक खोक्याच्या मागच्या बाजूचा. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात कर्वेनगरला दोघा मित्रांबरोबर खोली करून राहतो आणि हे पैसे त्याने सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवलेत. म्हणून मला पटकन "घे" म्हणवेना. साधारण तेवढ्याच किमतीचा हेडसेट मी तीन वर्षं रोज वापरतेय. फोनवर त्याला पाऊण तास सांगितलं, तरी निम्मं राहिलंच. म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते. धाकटा भाऊ नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेला. लहानपणी आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचो, एकाचा गेम संपेपर्यंत दुसरा शेजारी बसून सूचना करायचा. तो गेल्यावर फोनवरचं बोलणं "जेवलास का, थंडी किती आहे" याच्या पुढे सरकेना. व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम एकत्र खेळायला लागलो तेव्हा कुठे आम्ही पूर्वीसारखे बोलायला लागलो. उन्हाळ्यात आमच्याकडे शनिवारचे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा त्याच्याकडे दुपारचे साडेचार असतात. ते दोन-अडीच तास मला फार महत्त्वाचे आहेत. दिवाळीचा बोनस हातात होता, दुकानदार म्हणाला याने गेममधली भिंतीपलीकडच्या शत्रूची पावलंसुद्धा ऐकू येतात, आणि मी साडेबावीस हजार रुपये मोजले.

पावलं ऐकू येतात. पण ती भावाच्या जुन्या वायरवाल्या हेडसेटमध्येही येतात, जो तो ४,२०० रुपयांना घेऊन इथेच ठेवून गेला होता. हे मी अंदाजाने म्हणत नाही. गेल्या डिसेंबरात तो सुट्टीवर आला तेव्हा आम्ही रीतसर करून बघितलं. मी माझ्या खोलीत डोळे मिटून बसले, गेममधलं माझं पात्र एका जागी उभं. तो हॉलमध्ये लॅपटॉपवर. माझ्या आजूबाजूच्या आठ दिशांपैकी कुठल्याही एका दिशेला जाऊन त्याने चार पावलं धावायचं आणि मी हाताने दिशा दाखवायची. आई मधल्या दारात वही घेऊन बसली होती. तो तिला बोटांनी दिशेचा आकडा दाखवायचा, ती माझा हात बघायची आणि बरोबर की फुली ते लिहायची. तीस-तीस वेळा केलं. महागड्या हेडसेटवर माझी २५ उत्तरं बरोबर आली. जुन्यावर २४. मग महागड्यावरच, त्याच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१ सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी स्पीकर असल्याचा भास देणारी सोय, चालू करून पुन्हा तीस वेळा केलं, तर १६. आईला वाटलं मी दमले असेन, म्हणून चहा झाल्यावर तेवढंच परत केलं. १७ आली.

याचं कारण समजून घेतलं की खोक्यावरचं निम्मं लिखाण आपोआप बाजूला पडतं. उजवीकडून येणारा आवाज डाव्या कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मध्ये डोकं असल्यामुळे थोडा दबून पोचतो. एवढ्यावरून मेंदू डावं-उजवं ठरवतो. बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज मात्र दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने मिळतो. तिथे बाहेरच्या कानाच्या वळ्या कामाला येतात. कुठल्या दिशेने आलेल्या आवाजातला कुठला भाग उठावतो आणि कुठला दबतो, याची खूण त्या वळ्यांमुळे उमटते. ही सगळी आकडेमोड हल्ली गेमच करून देतो. तिला एचआरटीएफ (हेड-रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन) म्हणतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये ती २०१६ मध्ये आली, व्हॅलोरंटमध्ये २०२१ मध्ये. म्हणजे हेडसेटपर्यंत येणारा आवाज आधीच दोन कानांसाठी तयार झालेला असतो. त्यावर हेडसेटच्या सॉफ्टवेअरने ७.१ ची आकडेमोड पुन्हा चढवली की दिशा पुसट होतात. माझ्या चुकलेल्या उत्तरांत बहुतेक ठिकाणी समोर आणि मागे यांचीच अदलाबदल झाली होती. आणि ७.१ काहीही लिहिलेलं असो, अशा बहुतेक हेडसेटमध्ये स्पीकर दोनच असतात, एक डावा, एक उजवा.

मामेभावाने पाठवलेल्या फोटोत "२० ते ४०,००० हर्ट्झ" याच्याभोवती त्याने लाल गोल केला होता. तरुण, निरोगी कानाला २०,००० पर्यंत ऐकू येतं, आणि वय वाढतं तशी ती हद्द खाली येते. वरच्या २०,००० चा त्याला उपयोग नाही. स्पीकर ५० मिलिमीटरचा की ४० चा, यावरूनही आवाज चांगला की वाईट ते कळत नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एम ४० एक्स ४० मिलिमीटरचा आहे आणि तो लोक स्टुडिओत कामाला वापरतात.

मग माझे पैसे फुकट गेले का? नाही. जिथे गेले ती जागा मात्र वेगळी निघाली.

माझ्या हेडसेटमध्ये साइडटोन नावाची एक सोय आहे. माइकमध्ये बोललेलं स्वतःच्याच कानात हलकंसं ऐकू येतं. खरेदी करताना मी ती ओळ वाचलीसुद्धा नव्हती. कान पूर्ण झाकणारा हेडसेट घातला की आपला आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही आणि माणूस नकळत मोठ्याने बोलायला लागतो. जुना हेडसेट वापरायचे तेव्हा साडेदहा वाजता आई उठून दारात यायची आणि हाताने "हळू" अशी खूण करायची. तिला रक्तदाबाची गोळी असते, झोप मोडली की पुन्हा लागत नाही, आणि आमच्या घरात दोन खोल्यांमध्ये एक भिंत आहे फक्त. साइडटोन मिळाला त्या आठवड्यापासून तिला एकदाही उठावं लागलेलं नाही. माझ्यासाठी त्या हेडसेटमधली सगळ्यात किमती गोष्ट हीच. आणि ही सोय स्वस्तातल्याही काही हेडसेटमध्ये मिळते, तेव्हा घेताना मुद्दाम विचारावी.

दुसरी गोष्ट, वायर नसण्याची. बेल वाजली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, की हेडसेट डोक्यावर ठेवूनच उठता येतं. माझ्या हेडसेटचं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा, २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं. ब्लूटूथचे इअरफोन गेमला का चालत नाहीत असं मामेभावाने विचारलं होतं. एक तर आवाज उशिरा येतो, गोळी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. शिवाय नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की कानातला आवाजही जुन्या लँडलाइनसारखा होतो. डोंगलचं तसं होत नाही. फक्त ते कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये खुपसू नये, त्या पोर्टांमुळे याच पट्ट्यात गोंगाट होतो. माझा आवाज दोन महिने मधूनमधून तुटायचा. शेवटी एक्स्टेंशनची वायर लावून डोंगल टेबलावर आणलं आणि तुटणं थांबलं.

आता दुखणं. दुसऱ्या पावसाळ्यात कानांवरच्या गाद्यांचं रेक्झिन सुटायला लागलं. आधी बारीक भेगा, मग गालावर, उशीवर, टॉवेलवर काळे कण. हे रेक्झिन पॉलियुरेथेनचं असतं, दमट हवेने आणि घामाने ते आतूनच तुटत जातं. कितीही जपा, त्याचं आयुष्य ठरलेलं. मग कापडी गाद्या मागवल्या, ९०० रुपये. त्या धुता येतात आणि एप्रिलच्या उकाड्यात कान शिजत नाहीत.

वॉरंटी संपल्यावर पाचव्या महिन्यात डावी बिजागरी तडकली. पडला नाही, आपटला नाही, डोक्यावरून काढताना टक् झालं. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की तो भाग सुटा मिळत नाही, नवीन हेडसेटवर सवलत देऊ. साडेबावीस हजारांची वस्तू, आणि नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी टाकून द्यायची? मला त्याचा फार राग आला, अजूनही आहे.

शनिवारी सकाळी तपकीर गल्लीत गेले. पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ एक रिपेअरिंगवाले काका बसतात, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी टेबललॅम्प खाली ओढला, गादी उचकटली, चार स्क्रू काढून एका डबीच्या झाकणात ठेवले आणि डावी वाटी उघडली. आत काळ्या कागदासारखा पडदा असलेला स्पीकर, त्याच्या मागे चपटी रुपेरी बॅटरी, तिच्या दोन वायरी थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या. मी विचारलं म्हणून त्यांनी व्हर्नियर लावून दाखवला, स्पीकर ४० मिलिमीटरचा. मग पितळेची एक पातळ पट्टी कापली, बिजागरीच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडली, पट्टी बसवून स्क्रू आवळले आणि वर अ‍ॅरल्डाइट भरलं. हात चालू असताना म्हणाले, "मॅडम, स्पीकरला काही होत नाही हो. माझ्याकडे येतं ते सगळं गादी, बिजागरी, वायर नाहीतर बॅटरी." ३५० रुपये घेतले. त्याला आता दहा महिने झाले, ती पट्टी जागची हललेली नाही.

काकांचं ते वाक्य मी मामेभावाला जसंच्या तसं सांगितलं. पैसे द्यायचे तर मोडणाऱ्या भागांसाठी द्यावेत. गाद्या सुट्या मिळतात का, वायर आणि माइक काढता येतात का, बॅटरी बदलता येते का, हे आधी बघ. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेसमध्ये दोन बॅटऱ्या येतात, एक हेडसेटमध्ये आणि एक चार्जिंगला, आणि बदलायला काही सेकंद लागतात. हा विचार मला आवडतो. तो बाहेरदेशी २०२२ मध्ये साधारण ३५० डॉलरला आला, म्हणजे विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरचाच. ऑडीझचा मॅक्सवेल आवाजाला नावाजलेला, ९० मिलिमीटरचे स्पीकर, पण वजन अर्धा किलोच्या आसपास. तीन तास मान त्याला धरून ठेवणार. सेनहायझरचा एचडी ५६० एस २४० ग्रॅमचा, मोकळा, हवेशीर. पण तो मागून उघडा असतो. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. तिघांच्या खोलीत तो कामाचा नाही, आणि आमच्या घरात तर मुळीच नाही.

आमच्या घरात का नाही, तर आम्ही एरंडवण्यात, म्हात्रे पुलाच्या बाजूला राहतो. जुलै सुरू झाला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी खिडक्यांची तावदानं थरथरतात. उघडा हेडसेट असता तर ढोलांच्या वर ऐकू यावं म्हणून मी आवाज वाढवत गेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे, आणि ९० डेसिबलला तीच मर्यादा चार तासांवर येते. मी स्वतः कॉलेजात तीन वर्षं ताशा वाजवलाय, कानात काहीही न घालता. उजव्या कानात बारीक शिट्टी रात्री शांत झालं की ऐकू येते. म्हणून या एका बाबतीत मी मामेभावाला जवळजवळ दटावलंच. कान घट्ट झाकणारा घे, आवाज निम्म्याच्या वर नेऊ नको. नॉइज कॅन्सलिंगच्या, म्हणजे बाहेरचा आवाज कापणाऱ्या सोयीच्या, भरवशावर राहू नको, ते पंख्याची घरघर खातं, ताशाची तर्री नाही.

रविवारी तो घरी आला. दोन्ही हेडसेट त्याच्या डोक्यावर घातले, तीच दिशा ओळखायची परीक्षा घेतली, या वेळी मी धावले आणि आईनेच वही धरली. दोन्हींवर त्याचे गुण सारखे आले. त्याने सहा हजारांच्या आतला, वायरचा, निघणाऱ्या माइकचा आणि सुट्या गाद्या मिळणारा हेडसेट मागवला. उरलेल्या पैशांचं त्याचं त्याने ठरवावं. मी माझ्यासाठी आज पुन्हा महागडाच घेईन, कारण तो घालून मी दिवसभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये असते. साडेबावीस हजार तीन वर्षांवर पसरले तर दिवसाला वीस रुपये पडतात आणि त्या वीस रुपयांत आईची झोप आहे. मामेभावाच्या खोलीत ही गरजच नाही, तिथे तिघेही दोनपर्यंत जागे असतात.

एक सांगायचं राहिलं. माझ्या माइकमध्ये बाहेरचा गोंगाट गाळणारं फिल्टर आहे, आणि ते खरोखर उत्तम आहे. गेल्या ऑगस्टमध्ये सराव ऐन भरात होता, मला स्वतःचा विचारही ऐकू येत नव्हता, आणि भाऊ तिकडून म्हणाला, "आज पुण्यात एवढी शांतता कशी काय?" मी म्हटलं, शांतता कसली, पथकं बसलीयेत खाली. तो काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, ते फिल्टर बंद कर ना जरा." मी बंद केलं, माइक खिडकीकडे वळवला आणि खिडकी उघडली. तेवढ्यात आम्ही डाव हरलो. पुढचा आम्ही बराच वेळ सुरूच केला नाही.