पाच नोव्हेंबर की अकरा मे?

पेनसिल्व्हेनियातील एका काउंटीच्या निवडणूक कार्यालयात मी टपाली मतपत्रिकांच्या विभागात काम करते. मतपत्रिका दोन लिफाफ्यांत येते. आतला लिफाफा गुप्ततेचा असतो आणि बाहेरचा प्रतिज्ञेचा, ज्यावर मतदाराने सही करून तारीख घालायची असते. मतदानाच्या दिवशी सकाळी 7 वाजेपर्यंत लिफाफे फोडता येत नाहीत, त्यामुळे तोवर आमचे सारे काम बाहेरच्या मजकुरावरच चालते.

2022 साली, मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तारीख नसलेले किंवा चुकीची तारीख असलेले लिफाफे वेगळे काढावेत आणि ती मते मोजू नयेत, असा आदेश दिला. पुढे 5 नोव्हेंबरला ‘चुकीची’ म्हणजे काय तेही स्पष्ट झाले: टपाली मतासाठी 19 सप्टेंबर ते 8 नोव्हेंबर या मुदतीबाहेरची तारीख. तारखेच्या जागी जन्मतारीख लिहिणारे कितीतरी मतदार या नियमाने बाद होत होते.

सोमवारी, 7 नोव्हेंबरला, माझ्या हाती आलेल्या लिफाफ्यावर निळ्या शाईत, रेघेला धरून नीट लिहिले होते: 5/11/2022. बारकोड वाचताच पडद्यावर आलेले आडनाव आपल्याकडचे होते. इथे महिना आधी लिहितात, म्हणून इथल्या माणसाला ती 11 मे दिसते. मला मात्र ती परवाच्या शनिवारची तारीख असल्याचे पाहताक्षणी कळले. शिवाय 11 मे रोजी या मतदानातले सिनेटचे उमेदवार फेटरमन आणि ऑझ यांची उमेदवारीसुद्धा ठरलेली नव्हती, कारण पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूकच 17 मे रोजी झाली.

मी लिफाफा घेऊन आमच्या पर्यवेक्षक बाईंकडे गेले. त्या अत्यंत प्रामाणिक आहेत, पण त्या आठवड्यात प्रत्येक निर्णयामागे त्यांना खटला दिसत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुला ही पद्धत ठाऊक आहे म्हणून हे मत धरायचे, तर ज्यांची पद्धत इथे कोणालाच ठाऊक नाही त्यांचे काय?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही पूर्ण उत्तर नाही. पण ती तारीख कशालाच लागत नाही, हे मला तेव्हाही सांगायचे होते: मत वेळेत आले की नाही ते आमचा शिक्का सांगतो आणि मतदार पात्र आहे की नाही ते यादी सांगते.

पडद्यावर फोन नंबर होता. राज्यातल्या काही काउंटी अशा मतदाराला कळवतात, म्हणजे त्याला मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन तात्पुरती मतपत्रिका भरता येते. आमच्या काउंटीचे धोरण कळवू नये असे होते. माझ्या हातात एक संध्याकाळ होती आणि मी फोन केला नाही. लिफाफा वेगळ्या पेटीत ठेवून मी पुढचा उचलला.

2025 च्या ऑगस्टमध्ये फेडरल अपील न्यायालयाने निव्वळ तारखेवरून मत बाद करणे घटनाबाह्य ठरवले. निवडणुकीचे कागद 22 महिने जपून ठेवण्याची कायद्याची मुदत तोवर केव्हाच संपली होती. आपले मत मोजले गेले, असेच तो मतदार अजून समजत असेल.