✔ दिसतो, पण पार्सर मानत नाही

छडा लागला, मंडळी! लॅपटॉपवर लिहिलेली फाइल बिनबोभाट चालते आणि फोनवरून एक ओळ बदलली की कॉन्फिगपार्सर (सेटिंग्जच्या फाइली वाचणारं पायथनचं मॉड्यूल) अडून बसतो, इथपर्यंत मागच्या नोंदीत आलो होतो. बूलियन_स्टेट्समध्ये, म्हणजे कोणती खूण 'ट्रू' (हो) आणि कोणती 'फॉल्स' (नाही) हे सांगणाऱ्या त्याच्या डिक्शनरीत, ✓ आणि ✔ दोन्ही 'ट्रू' म्हणून टाकलेले, तरी एरर तोच, 'नॉट अ बूलियन: ✔'. डिक्शनरीत ✔, एररमध्येही ✔. कितीही निरखून पाहा, फरक दिसतच नाही.

पहिला संशय मोकळ्या जागेवर, पण ती तर पार्सर स्वतःच छाटतो. न छापता येणारी अक्षरं कोडरूपात दाखवणारं रेप्र() लावून छापलं, तरी तेच. शेवटी साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं सगळंच कोडरूपात दाखवणारं आस्की() लावलं तेव्हा ✔ च्या मागे लपलेला यू+एफई०एफ (हा त्याचा युनिकोडमधला क्रमांक) उघडा पडला. हा व्हेरिएशन सिलेक्टर. आधीचं चिन्ह इमोजीच्या रूपात दाखवा, एवढंच तो सांगतो. स्वतः दिसत नाही. माझ्या फोनचा कीबोर्ड ✔ (यू+२७१४) सोबत तो गुपचूप जोडतो. युनिकोडच्या वर्गवारीत तो मोकळ्या जागेत मोडत नाही, म्हणून कडेची मोकळी जागा छाटणारं स्ट्रिप() त्याला शिवत नाही. पायथन त्याला छापण्याजोगा धरतं, म्हणून रेप्र() त्याला दाखवून देत नाही. यूटीएफ-८ मध्ये नुसता ✔ ३ बाइटचा, फोनवरून आलेला ६ बाइटचा. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या एनएफकेसी नॉर्मलायझेशनवर माझी मोठी भिस्त होती, पण तेही त्याला जागेवरच ठेवतं!

फाइल वाचतानाच सगळे एफई०एफ उडवले आणि पार्सर लगेच चालू लागला. काय बरं वाटलं!

पण हे लिहितानाच लक्षात आलं की त्याच फाइलमध्ये शीर्षकाच्या ओळीत ❤️ आहे. सरसकट साफसफाई केली तर त्या बदामाचंही इमोजीरूप जाईल. म्हणजे तो उपाय रद्द. पायथन ३.५ पासून कॉन्फिगपार्सरला कन्व्हर्टर्स (वाचलेला मजकूर हव्या त्या प्रकारात बदलणारी आपली फंक्शन्स) देता येतात; खुणांसाठी वेगळा कन्व्हर्टर लिहायचा आणि एफई०एफ फक्त तिथेच काढायचा. ओळखीची नसलेली खूण आली तर तिला 'फॉल्स' समजून पुढे जायचं नाही, थेट एरर द्यायचा, तोही कोडपॉइंट (यू+२७१४ सारखा क्रमांक) आणि युनिकोडमधल्या नावासकट. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

☒ मात्र ओळखीच्या खुणांच्या यादीतून काढला. ब्रिटनमध्ये मतदार पसंतीच्या उमेदवारासमोरच फुली मारतात, त्यामुळे चौकटीतली फुली कुणाला 'हो' वाटेल आणि कुणाला 'नाही'.

या खुणा टाइप करायला विम या टेक्स्ट एडिटरला तोड नाही. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-के दाबून कॅपिटल ओ आणि के टाइप केलं की ✓, दोनदा कॅपिटल एक्स की ✗. दोन्ही शुद्ध, मागे काही चिकटलेलं नाही. आता वाटतंय की फाइल सेव्ह करताना ✔ आणि ✅ दोन्हींचा ✓ च करून टाकावा. कन्व्हर्टर झाला की तेच हातात घेतो.