तळाची जोडी

तीन नंबरच्या पॅचचा आलेख पहाटे बदलला. इशारा वाचला आणि तशीच निघाले. साडेसहाला संरक्षक भिंतीपाशी पोचले तेव्हा सर आणि मुकादम टॉर्च घेऊन तडा शोधत होते. रात्रभर पाऊस झाला होता. भिंतीवरची ओल सुकत आली होती आणि वीप होलांखाली, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणाऱ्या भिंतीतल्या भोकांखाली, एकही ओघळ नव्हता. ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. डोक्यात फक्त तीन नंबर होता.

पॅच म्हणजे भिंतीला चिकटवलेला लेड झिर्कोनेट टायटनेट या पीझो सिरॅमिकचा तुकडा, १० मिमी लांब-रुंद आणि ०.३ मिमी जाड. दाबल्यावर विद्युतभार देण्याचा हा पीझो गुण जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला. व्होल्टेज दिल्यावर आकार बदलणं हा त्याचाच उलटा गुण. आम्ही दोन्ही एकदमच वापरतो. एक व्होल्ट देऊन वारंवारिता वाढवत न्यायची; पॅच काही नॅनोमीटर थरथरतो, आपल्याबरोबर काँक्रीटला हलवू पाहतो आणि काँक्रीट जसं अडवतं तशी खूण त्याच्याच प्रवाहात उमटते. पॅच गप्प बसून भिंतीवरचा दाब मोजत असतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. स्थिर दाबाने आलेला भार हळूहळू निघून जातो. म्हणून भिंतीला दर वेळी नव्याने विचारावं लागतं.

सरांनी विचारलं, “तडा आहे की नाही, एवढंच सांग.”

“सर, दहा मिनिटं द्या. आधी पॅच धड आहे का ते बघते.”

बाकीच्या पॅचांची शिखरं थोडी उजवीकडे सरकली होती, पण सगळी सारखीच. भिंत थंड झाली की असं होतं. तीन नंबरची मात्र शिखरंच बसली होती. मी कंडक्टन्स (प्रवाहाचा व्होल्टेजच्या तालात चालणारा भाग; शिखरं त्याचीच) बाजूला ठेवून ससेप्टन्सची (त्या तालापासून पाव फेरा हटलेल्या भागाची) रेघ उघडली. या रेघेचा चढ पॅचच्या धारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, ठरतो. पॅच घट्ट चिकटलेला असेल तर त्याला मोकळेपणी ताणता येत नाही, धारिता कमी भरते आणि चढही कमी. पॅच सुटला की चढ वाढतो. पॅचचा तुकडा पडला तर घटतो. चिकटवण्याआधी प्रत्येक पॅचचं मोकळं मोजमाप आम्ही रजिस्टरात लिहून ठेवलं होतं. ते करताना सगळ्यांना कंटाळा आला होता, मलाही. त्या सकाळी ते पान उघडलं आणि तीन नंबरची रेघ त्या मोकळ्या मोजमापाच्या अगदी जवळ जाऊन बसलेली दिसली.

शिडीवर चढून पाहिलं. वरच्या लेपाची एक कड उचलली गेली होती आणि तिच्याखाली, नखाएवढ्या जागेत, पाण्याचा थेंब अडकला होता. पॅच चिकटवणारं इपॉक्सी सुटलं होतं. काँक्रीटला काही झालेलं नव्हतं.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मुकादम चहाचं बघायला वळले. मीही लॅपटॉप मिटणार होते, पण मातीच्या नोंदी अजून उघडल्या नव्हत्या आणि त्या बघितल्याशिवाय मला उठवेना.

भिंतीमागच्या भरावात वेगवेगळ्या खोलीवर बेंडर एलिमेंटच्या तीन जोड्या पुरल्या आहेत. बेंडर म्हणजे पीझोच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेलं पातं. एक पातं वाकून मातीत शिअर लहर, म्हणजे कणांना आडवं हलवत जाणारी लहर, सोडतं, १० सेंटिमीटरवरचं दुसरं ती पकडतं. ही लहर पाण्यातून जात नाही, मातीच्या कणांच्या सांगाड्यातूनच जाते. कण एकमेकांवर घट्ट टेकलेले असले की ती लवकर पोचते. पाण्याने कणांवरचा भार उचलून धरला की रेंगाळते.

वरची जोडी थोडी मंदावली होती. पावसात ती मंदावतेच. तळाच्या जोडीला आठवडाभर ०.६२ मिलिसेकंद लागत होते. आता ०.८५ दिसले. खऱ्या लहरीआधी एक छोटा उलटा उंचवटा येतो आणि चुकून तोच पकडला जातो, म्हणून वारंवारिता वाढवून पुन्हा मोजलं. ०.८५च. म्हणजे वेग सेकंदाला १६१ मीटरवरून ११८ वर. ताठरपणा वेगाच्या वर्गाने बदलतो. भिजून वाढलेली घनता धरली तरी तळाची माती सुमारे चाळीस टक्के मऊ झाली होती. आणि तेव्हा ते कोरडे वीप होल माझ्या डोळ्यांसमोर आले. रात्रभर पाऊस आणि एकातूनही पाणी नाही!

मागे दोन मीटर पाणी तुंबलं असेल तर तळाशी जवळपास २० किलोपास्कल जादा दाब, भिंतीच्या दर मीटर लांबीला दोन टन ढकल. मी सरांना एवढंच म्हटलं, “सर, आधी वरचा डंपर हलवायला सांगा. आणि भिंतीखालून कुणाला जाऊ देऊ नका.” त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही, फोन लावला. त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो.

डंपर गेल्यावर मुकादमांनी, भिंतीच्या समोर न येता, बाजूने लांब सळई घेऊन कडेच्या होलापासून सुरुवात केली. तोंडाशी पांढरा क्षार दगडासारखा बसला होता, आत गाळ. पहिल्या दोन होलांतून नुसता चिखल आला. तिसऱ्यात सळई हातभर आत गेली आणि पाणी असं उसळलं की मुकादम मागे सरले. पाणी सुरुवातीला गढूळ होतं. ते तसंच राहिलं असतं तर भरावातली बारीक माती वाहून जातेय असं समजावं लागलं असतं, म्हणून मी बाटलीत दर दहा मिनिटांनी नमुना धरत राहिले. तासाभरात बाटलीतून पलीकडचं दिसू लागलं.

दुपारी ०.८१. संध्याकाळी ०.७४. दुसऱ्या दिवशी सकाळी ०.६८, आणि रस्ता मोकळा केला.

तीन नंबरच्या जागी नवा पॅच लावायला आणखी चार दिवस थांबावं लागलं, कारण ओल्या काँक्रीटवर इपॉक्सी धरत नाही. तोवर रजिस्टरात मी एक नवा रकाना आखला: वीप होल, वाहते की कोरडे. तो रोज सकाळी, कुठलाही आलेख उघडण्याआधी, भिंतीसमोर उभं राहून भरायचा.