ओट्याखालच्या कपाटांना गोल मुठी

आमच्या स्वयंपाकघरातील कपाटांच्या शटरना, म्हणजे दारांना, गेली एकोणीस वर्षे स्टीलच्या आडव्या, नळीसारख्या मुठी होत्या. त्यांची दोन्ही टोके मोकळी असल्यामुळे ओट्याशी वळताना साडीचा पदर किंवा ओढणी त्यांत हमखास अडकत असे. एकदा हातात उकळत्या आमटीचे पातेले असताना ओढणीने मला असे मागे खेचले की, शटरचे सनमायके बदलायला सुतार येईल तेव्हा मुठीही गोल करून घ्यायच्या, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकले.

त्यासाठी पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत गेलो. तिथल्या दुकानांत नॉब, म्हणजे एका स्क्रूवर बसणाऱ्या छोट्या मुठी, फळीवर ओळीने बसवलेले असतात आणि आपण कोरड्या हाताने, नुसत्या नजरेने त्यांची निवड करतो. घरी मात्र तोच नॉब पीठ मळता मळता, तेलकट बोटांनी ओढायचा असतो. म्हणून मी पर्समधील व्हॅसलीन बोटांना चोळले आणि एकेक नॉब ओढून पाहिला. यजमानांनी तेवढ्यात बिजागऱ्यांच्या खोक्यांकडे लक्ष वळवले.

या परीक्षेत गुळगुळीत गोळ्याच्या आकाराचे आणि काचेचे नॉब, दिसायला सर्वांत देखणे असूनही, लगेच निसटले. जे टिकले त्यांचा आकार अळंबीसारखा होता, म्हणजे वरचे डोके पसरट आणि खालची मान बारीक. बोटांच्या चिमटीवर सगळा भार न टाकता डोक्यामागे दोन बोटे अडकवून ते ओढता येतात, आणि सासूबाईंच्या सांधेदुखीच्या बोटांना हा फरक माझ्यापेक्षा कितीतरी आधी जाणवला. आम्ही घेतलेल्या नॉबचे डोके ३२ मिलिमीटर रुंद आहे आणि शटरपासून तो २८ मिलिमीटर पुढे येतो. याहून बऱ्याच कमी पुढे येणाऱ्या नॉबमागे बोटे शिरत नाहीत आणि नखे सनमायक्यावर घासतात.

धातूच्या बाबतीत दुकानदाराच्या ‘पितळी’ या शब्दावर विसंबू नये, कारण तो शब्द पुष्कळदा केवळ रंगासाठी वापरलेला असतो. नॉब उलटा करून स्क्रूच्या भोकात पाहावे. आतला धातू पिवळा असेल तर ते पितळ, आणि करडा दिसला तर जस्ताच्या मिश्रधातूवर दिलेला मुलामा. पुण्याच्या कोरड्या हवेत मुलाम्याचे नॉबही चांगले टिकतात, परंतु रत्नागिरीला माझ्या माहेरी, समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे, अशा चकचकीत नॉबवर दोन पावसाळ्यांतच पांढरे पुरळ उठले होते. भरीव पितळ काळवंडते खरे, पण चिंचेने घासले की पुन्हा उजळते. त्यावर पारदर्शक लाखेचा थर दिलेला असेल तर मात्र चिंच लावू नये. देवघराच्या कपाटाला मला सावंतवाडीच्या खेळण्यांसारखे कातकाम केलेले, लाखेच्या रंगांचे लाकडी नॉब हवे होते आणि ते तिथे शोभतातही, पण ओट्याजवळ ओल्या हातांपुढे लाकडाचा रंग टिकेल असे मला वाटत नाही.

गोल नॉबचा एक गुण मला बसवल्यानंतर कळला. तो एकाच स्क्रूवर असल्याने कालांतराने सैल होऊन फिरतो. चौकोनी नॉब असा फिरला की लगेच तिरका दिसतो, गोल मात्र काही दाखवत नाही. अपवाद चित्राचा. चहाच्या कपाटाला मी हौसेने पोपट रंगवलेला चिनीमातीचा नॉब लावला, आणि आता दर दोन आठवड्यांनी तो पोपट डोके खाली करून लटकलेला असतो.

खरी फजिती स्क्रूने केली. शटरचे प्लाय १८ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंचे सनमायके धरून जाडी जेमतेम २० भरते, त्यामुळे नॉबसोबत येणारा २५ मिलिमीटरचा स्क्रू तिथे बरोबर बसला. ट्रॉलीला, म्हणजे ओढून काढायच्या खणाला, मात्र आतली पेटी आणि तिच्यावर ठोकलेली दर्शनी फळी अशी दुहेरी जाडी असते, तिथे तो नॉबपर्यंत पोचलाच नाही. मग घाईघाईने ४५ मिलिमीटरचे स्क्रू आणले, तर ते नॉबच्या तळाला टेकले तरी नॉब फिरतच राहिला, आणि शेवटी सुताराने आतून दोन-दोन वायसर (स्क्रूखालच्या चकत्या) घालून ते प्रकरण मिटवले. जाडी आधी मोजून दुकानात सांगितली असती तर हा हेलपाटा वाचला असता.

जुन्या मुठींची भोके ९६ मिलिमीटर अंतरावर होती. नवे सनमायके लागणार असल्याने ती भोके लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरून झाकली गेली. सनमायके बदलायचे नसतील तर एकाच भोकाचा नॉब घेताना उरलेल्या भोकाचे काय करायचे, हे आधी ठरवावे लागते. आमच्या सुताराने पुठ्ठ्याचा एक काटकोनी तुकडा कापून त्यात कडेपासून ५० मिलिमीटरवर खूण केली आणि खालच्या शटरना वरच्या, तर वरच्या शटरना खालच्या कोपऱ्यात त्याच पुठ्ठ्याने भोके पाडली. “वहिनी, मागे फळी धरा, नाहीतर आतला सनमायका उडेल,” एवढे एकच काम त्याने माझ्याकडे दिले होते.

तांदळाच्या आणि भांड्यांच्या दोन रुंद ट्रॉल्यांना मी गोल नॉब लावले नाहीत. मधोमध लावलेल्या एका नॉबने ते वजन ओढताना मनगट दुखते, आणि दोन लावले तरी घाईत सगळे एकच ओढतात व चॅनेल, म्हणजे ट्रॉली सरकते ती पट्टी, तिरकी चालते. तिथे लांब मुठीच ठेवल्या, फक्त टोके लाकडाकडे वळलेल्या. फ्रिजशेजारच्या शटरचा नॉब फ्रिजच्या दाराला घासतो, हे मात्र सुतार निघून गेल्यावर लक्षात आले. सध्या तिथे रबराची एक टिकली चिकटवली आहे.