घेवडा, झड आणि पातेरा

गेल्या जूनमध्ये मी हट्टाने परसात बुटका घेवडा लावला. आबा (माझे सासरे) आधीच म्हणाले होते, "अगं, पावसात घेवडा कोण लावतं, भात काढल्यावर वाल लाव की." पण बी घरात पडलेलं होतं आणि बाजारात शेंगा परवडेनात, म्हणून भाताच्या बांधाला लागून दोन वाफे केले. जुलैत सलग पाच दिवस झड लागली. उघडीप मिळाल्यावर बघते तर खालच्या पानांवर उकळतं पाणी सांडल्यासारखे डाग. अजून दोन दिवसांनी पानंच एकमेकांना चिकटलेली, मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, सोडवायला गेलं की पान लिबलिबीत होऊन हातात येतंय, आणि त्यावर मोहरीहून बारीक तपकिरी दाणे. दुकानात फोटो दाखवला तर त्यांनी अळीचं औषध दिलं. मीही मुकाट्याने मारलं. पैसे पाण्यात, तेही पावसाच्या.

नंतर शोधाशोध केल्यावर कळलं की ही अळी नाही, बुरशी आहे, रायझोक्टोनिया सोलानी. आणि हीच बाई भातावर पर्णकोष करपा आणते! म्हणजे मी घेवडा लावला तो बरोब्बर तिच्या माहेराला खेटून. ते तपकिरी दाणे म्हणजे तिची पुढच्या पावसाची बेगमी, मातीत पडून राहतात, मग जोराचा थेंब जमिनीवर आपटला की चिखलाच्या शिंतोड्याबरोबर खालच्या पानावर चढतात, आणि एकदा एक पान मिळालं की पुढे धागे टाकत शेजारच्या पानावर जायला तिला कोणाची गरज नाही. ऊब आणि ओल हवी फक्त, आणि आपल्याकडे जुलैत दुसरं असतं काय.

वाचता वाचता मी पोचले थेट कोस्टा रिकाला. तिकडे घेवडा म्हणजे रोजचं जेवण, भातासोबत सकाळीसुद्धा खातात, आणि या रोगाला स्पॅनिशमध्ये मुस्तिया इलाचोसा म्हणतात, म्हणजे साधारण 'धागेधागे होऊन कोमेजणं'. नाव ज्याने ठेवलं त्याने वाफा वाकून बघितलेला असणार. 1980 साली तिथल्या ग्वानाकास्ते भागात या रोगाची अशी साथ आली की जवळजवळ 90 टक्के पीक गेलं.

गंमत अशी की त्याच देशात जुन्या पद्धतीने घेवडा घेणारे लोक होते, त्या पद्धतीचं नाव फ्रिहोल तापादो, झाकलेला घेवडा. नांगरणी नाही, काही नाही. रान माजलेलं असतं त्यातच बी फेकायचं आणि मग कोयत्याने सगळं रान आडवं करून त्या बियांवरच पडू द्यायचं, रोप त्या पाचोळ्यातून वाट काढत वर येतं. उत्पन्न कमीच, पण रोग कमी. का, ते 1983 च्या आसपास तिथल्या प्रयोगांतून नीट दिसलं, माती झाकलेली असली की शिंतोडाच उडत नाही. भाताचं तूस पसरूनही फरक पडला म्हणे. मी हे वाचून कपाळावर हात मारला कारण तूस आमच्याकडे गिरणीवर ढिगाने असतं.

मग मला वाटलं की रोग न येणारं वाण का नाही काढत सरळ. तर तिथेच घोडं अडलंय. अँथ्रॅकनोज नावाचा जो घेवड्याचा दुसरा करपा आहे, त्यात एकेक जीन असा सापडतो जो बुरशीच्या ठरावीक प्रकाराला दारातच अडवतो, 'को' या नावाने ओळखतात त्यांना. जाळ्याच्या रोगाला तसा एकही पहारेकरी नाही, थोडीथोडी सहनशक्ती अनेक जीन्समध्ये वाटलेली, ती एका वाणात गोळा करत बसायची. शिवाय फसगत होते ती वेगळीच. झाड उभट, शेंगा जमिनीपासून वर, आत हवा खेळती असेल तर ते रोगातून नुसतं निसटतं आणि आपल्याला वाटतं प्रतिकारक आहे! अर्थात निसटलं तरी मला चालेल, मला शेंगांशी मतलब. कोलंबियात कालीजवळ 1967 पासून सिआत ही संस्था आहे, घेवड्यावर तिचं मोठं काम आहे, आणि कोस्टा रिकात तालामांका नावाचं काळ्या दाण्याचं वाण या रोगाला बऱ्यापैकी टिकतं. पण होंडुरास, एल साल्वाडोरला लोकांना बारीक लाल दाणाच लागतो, काळा कितीही चांगला टिकला तरी त्यांच्या पातेल्यात जात नाही. आपल्याकडे कडव्या वालांच्या जागी दुसरं काही बिरड्याला चालवून बघा, मग कळेल.

मग लक्षात आलं की आबा जे म्हणत होते ते काही उगाच नव्हतं. आमच्या लोकांनी वाण नाही बदललं, वेळ बदलली, भात निघालं की उरलेल्या ओलीवर वाल, ना झड ना शिंतोडा. आणि पावसात जे लावायचं ते वेल करून मांडवावर.

तरी हट्ट गेला नाही. ऑगस्टमध्ये उरलेलं बी पुन्हा टोकलं, एका वाफ्यावर आंब्याचा आणि ऐनाचा पातेरा चार बोटं अंथरला, दुसरा तसाच उघडा. उघडा वाफा पुन्हा जाळ्यात गेला. पातेऱ्यातली रोपं बरीच स्वच्छ राहिली, पण त्यातली निम्मी मुळात उगवतानाच गोगलगायींनी खाल्लेली, रात्री बॅटरी घेऊन वेचत होते मी, एका रात्री नारळाच्या दोन करवंट्या भरल्या. (मध्य अमेरिकेतही बिनशंखाची गोगलगाय घेवड्याच्या मुळावरच उठलेली आहे, हे मला नंतर कळलं.) शेवटी शेंगा मिळाल्या दोन वेळच्या भाजीपुरत्या.

यंदा तूस वापरून बघणारे, त्यात गोगलगाय कमी लपेल असा माझा अंदाज. थोडा पातेराही हवाय, पण तो एप्रिलमध्ये सगळा राब (भाताची रोपं टाकायची जागा) भाजायला जातो. काल आबांना विचारलं तर म्हणाले, "राबाचं होऊ दे आधी, उरला तर ने." मी दोन गोणी आत्ताच गोठ्यामागे लपवून ठेवल्यात.