आमची वाटचाल: लोगोच्या शर्टापासून कोऱ्या शर्टापर्यंत

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते, फार तर टॉवेल. या गावात शाळेचे युनिफॉर्म शिवणारी शेकडो लहानमोठी युनिट आहेत, हे सांगितलं की लोक 'हो का?' म्हणतात. आमचं युनिट त्यातलंच एक. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी भवानी पेठेत घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन टाकल्या आणि आई काज-बटणाला बसली. मी बी.कॉम. करून हाताशी आलो तेव्हा मशीन सहा झाल्या होत्या. २०२० उजाडलं तेव्हा अठरा मशीन, एक कटिंग टेबल, कापड कापणारे एक मास्टर आणि आपापल्या घरी शिवणाऱ्या तीसेक बायका असा पसारा होता. स्थापनेबद्दल एवढं पुरे. मला लिहायचंय ते २०२० ते २०२२ बद्दल, कारण आज आम्ही ज्या पद्धतीनं धंदा करतो ती तेव्हा ठरली.

आधी पैसा कसा फिरतो ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. युनिफॉर्मचा धंदा शेतीसारखा, वर्षाला एकच पीक. दिवाळीनंतर शाळांच्या आणि दुकानदारांच्या ऑर्डरी येतात. पँटचं सूटिंग भीलवाड्याहून, शर्टिंग इचलकरंजी-भिवंडीकडून. निम्मं कापड उधारीवर, पुढच्या तारखांचे चेक देऊन. जानेवारीपासून कटिंग आणि शिलाई. माल एप्रिलपासून सुटतो, आधी कर्नाटक-तेलंगणाकडे, कारण तिकडच्या शाळा आधी उघडतात, मग आपल्याकडे. वसुली जूनपासून गणपतीपर्यंत, काहींची दिवाळीपर्यंत. म्हणजे मार्चअखेर आमचा सगळा पैसा कापडात आणि शिलाईत गुंतलेला असतो, बँकेची सीसी, म्हणजे धंद्यासाठीची उचल, काठोकाठ वापरलेली असते, आणि त्या हंगामाचा एक रुपयाही हातात आलेला नसतो.

टाळेबंदी नेमकी तेव्हा आली. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू, २५ पासून देश बंद. ऑक्टोबरात आली असती तर आम्हाला इतकी लागली नसती. आमच्यासारख्याला तारीखच नडली.

दुसरी अडचण मालाची. चादर विकायची राहिली तर पुढच्या वर्षी विकता येते. आमच्या शर्टाच्या खिशावर शाळेचं नाव भरलेलं. तो शर्ट त्या शाळेशिवाय जगात कुणाच्याच कामाचा नाही. खोलीत छतापर्यंत गठ्ठे लागलेले, साधारण तीस लाखांचा माल, आणि बाहेर कुत्रंही फिरकत नव्हतं.

१२ एप्रिलला शहरातला पहिला रुग्ण पाच्छा पेठेत निघाला. अहवाल आला तोवर ते गृहस्थ वारले होते. त्यानंतर आमच्या भागातल्या बोळांच्या तोंडाशी बांबू बांधले गेले. शहराच्या पूर्वभागातली घरं ज्यानं पाहिली असतील त्याला कळेल की 'घरात अंतर ठेवा' हे वाक्य इथं किती पोकळ होतं. एका खोलीत माग, त्याच खोलीत चूल, तिथंच सहा माणसं. नवरा यंत्रमागावर आणि बायको विडीला, अशी इथं कितीतरी घरं. माग बंद, विडी कारखाने बंद, म्हणजे दोन्ही मिळकती एकाच दिवशी थांबल्या.

आमच्या शिवणाऱ्या बायका बहुतेक अशाच घरांतल्या, काही पेठांतल्या, काही विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतल्या. बंद लागला तेव्हा त्यांच्या घरी आमचे गठ्ठे पडून होते. कुणाचे दोन डझन शर्ट झालेले, कुणाच्या कॉलर बाकी, कुणी नुसत्या बाह्या जोडलेल्या. आमच्याकडे पीस रेट. माल जमा झाला, मोजला, तपासला की पैसे. आता जमा कसा करणार? सरकारनं २९ मार्चला आदेश काढला की बंदच्या काळातही कामगारांचा पगार कापू नका. पगारी माणसाचं ठीक, पीस रेटवाल्याचा पगार कोणता धरायचा हे त्यात कुठं शोधायचं? शेवटी फोनवर हिशेब केला. 'अक्का, किती झाले?' 'बावीस झाले मालक, चाराला काजं नाहीत.' तिनं सांगितलं तो आकडा लिहून घेतला आणि पैसे सोडले. हा आकडा पुढं माल आल्यावर जुळला का, असं लोक विचारतात. एक-दोन पिसांचा इकडंतिकडं फरक, जो एरवीही असतोच.

पैसे पाठवणं हीही एक कसरत होती. जनधन खात्यावर महिन्याला पाचशे रुपये येत होते, एप्रिल ते जून, ते काढायला बँकेबाहेर उन्हात रांगा. आमचे पैसे तिथं टाकून उपयोग नव्हता, पुन्हा तीच रांग. मग एका बाईच्या कॉलेजातल्या पोराच्या फोनपेवर आठ-आठ जणींचे पैसे टाकायचो, तो ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून रोख घेऊन वाटायचा. रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळत होता. पण सोलापूरकराला ज्वारी लागते, आणि भाकरीबरोबरच्या शेंगा चटणीला तेल-मीठ-मिरची लागतेच की. शिवाय बचत गटाच्या आणि खाजगी फायनान्सच्या हप्त्यांचे फोन. 'विडीचं बंद हाय, तुमचं बंद हाय, हप्त्यावाल्याचं तेवढं चालू हाय,' असं एक अक्का म्हणाली. हसत म्हणाली, हे विशेष.

घरात माझी आणि बायकोची खरी भांडणं झाली ती 'आधी कोणाचे द्यायचे' यावरून. हिशेबाची वही तिच्याकडं असते. तिचं म्हणणं, आधी शिवणाऱ्या, मग मास्टर, मग घर, मग वीज, मग कापडवाले आणि सगळ्यात शेवटी बँक. माझं म्हणणं, कापडवाल्यांचे चेक मे महिन्यात पडणार आहेत, एक जरी बाउन्स झाला तर भीलवाड्यापर्यंत बातमी जाईल आणि पुढच्या हंगामाला कुणी वारभर कापड देणार नाही. ती म्हणाली, 'पुढच्या हंगामाला कापड मिळालं आणि शिवायला बाईच नसली तर?' दोघंही बरोबर होतो, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. शेवटी मी कापडाच्या दलालाला फोन लावून सरळ सांगितलं: चेक टाकू नका, माल माझ्याकडं पडून आहे, खात्यात पैसे नाहीत, जसे येतील तसे देतो. मला वाटलं आरडाओरडा होईल. तो म्हणाला, तुमच्यासारखे सकाळपासून पाच फोन झाले. तिकडं गिरण्याही बंदच होत्या, त्यालाही वरच्याला हेच सांगायचं होतं. न उघडलेली कापडाची काही ठाणं परत न्यायलाही तो तयार झाला, ट्रान्सपोर्ट चालू झाल्यावर. सगळेच असे निघाले नाहीत. एका व्यापाऱ्यानं चेक टाकलाच, आणि वर नोटीस पाठवली. त्याचं देणं बायकोच्या पाटल्या गहाण टाकून आधी फेडलं आणि नंतर त्याच्याकडचा एक मीटरही घेतला नाही.

बँकेचं प्रकरण वेगळं. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला तीन महिन्यांची हप्त्यांची सवलत जाहीर केली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. शेजारपाजारचे कितीतरी जण 'हप्ता माफ' असंच समजून चालले होते. माफ काही नव्हतं, हप्ता पुढं ढकलला होता आणि व्याजाचं मीटर चालूच होतं. सीसीवरचं साचलेलं व्याज नंतर वेगळं कर्ज करून मार्च २०२१ पर्यंत फेडायचं होतं. सहा महिन्यांचं चक्रवाढ आणि सरळ व्याज यातला फरक सरकारनं नोव्हेंबरात खात्यावर जमा केला. आमच्या खात्याला आलेली रक्कम बघून मुलगी म्हणाली, 'बाबा, यात पिझ्झे किती येतील?'

खरा आधार झाला तो सरकारी हमीच्या कर्जाचा. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज थकीत नसून शिल्लक होतं त्याच्या वीस टक्के, बँकांना सव्वानऊ टक्क्यांची मर्यादा, चार वर्षांची मुदत, त्यातलं पहिलं वर्ष फक्त व्याज. नवं तारण मागितलं नाही. ज्यांचा व्यवहार बँकेत होता त्यांना हे मिळालं. आमच्या गल्लीत हुंडीवर आणि भिशीवर धंदा करणारे जे होते, त्यांच्या हाती काही लागलं नाही. २९ फेब्रुवारीला त्यांच्या नावावर बँकेत काही बाकीच नव्हती.

मे महिन्यात एका संस्थेकडून कापडी मास्कची ऑर्डर आली. शर्टिंग घरात होतंच. इलॅस्टिक नव्हतं. साऱ्या गावात नव्हतं, कारण ते बाहेरून येतं आणि गाड्या बंद. मग कटिंगच्या चिंध्यांच्या नाड्या शिवल्या. नाडीचा मास्क बांधायला वेळ लागतो म्हणून लोक कुरकुरायचे, पण धुवून टिकायचा. त्या कामानं नफा जवळजवळ दिला नाही, बायकांच्या हाताला काम तेवढं दिलं. जून येईपर्यंत ज्याच्या घरी मशीन तो मास्क शिवत होता आणि भाव कोसळला. आम्ही बंद केलं.

जूनमध्ये थोडं सुरू झालं आणि १६ जुलैपासून शहरात पुन्हा दहा दिवसांचा कडक बंद लागला. मार्चपेक्षा मला तो जास्त झोंबला. मार्चमध्ये काय होतंय ते कळतच नव्हतं. जुलैत सगळं कळत होतं. त्यातच वीज कंपनीचं बिल आलं. तीन महिने रीडिंग नाही, सरासरीनं आकारणी, मग एकदम थकबाकी. मशीनवर धूळ आणि बिलावर आकडा.

एक गंमत मात्र झाली. ऑनलाइन वर्ग सुरू झाल्यावर काही शाळांनी मुलांना युनिफॉर्म घालून कॅमेऱ्यासमोर बसायला सांगितलं. त्यामुळे शर्ट थोडे खपले. पँट, स्कर्ट, मोजे, काही नाही! आमची मुलगी वर शाळेचा शर्ट आणि खाली नाईट पँट अशी वर्षभर बसली. युनिफॉर्म शिवणाऱ्याच्या घरात.

त्या हिवाळ्यात शाळा हप्त्याहप्त्यानं उघडल्या, २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावी, जानेवारीअखेर पाचवी ते आठवी. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत गड्डा, म्हणजे तिथली जत्रा, भरली नाही, तेव्हाच हंगामाचा अंदाज आला होता. सुताचे भाव चढत होते, त्यामागोमाग कापडाचे. नवी ऑर्डर घ्यायची तर जुन्या भावात परवडेना, आणि नव्या भावाला शाळा तयार होईनात. मग एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट.

त्या लाटेत आमचे मास्टर सिव्हिल हॉस्पिटलला होते. वाचले, पण परत आल्यावर कटिंग टेबलाशी उभं राहिलं की धाप लागायची. कापडाचे वीस-पंचवीस थर लावून स्ट्रेट नाईफ, म्हणजे उभ्या पात्याचं कापायचं यंत्र, चालवणं हे दमाचं काम. ते खुर्चीत बसून मार्कर, म्हणजे कुठून कापायचं त्याच्या खुणा, आखायचे, आणि कापायला ओव्हरलॉक मशीनवर काठ शिवणारी एक मुलगी उभी राहिली. पेठेत बाई कटिंगला हे कुणी पाहिलं नव्हतं. शेजारचा एक युनिटवाला म्हणाला, 'कापड वाया घालवशील बे.' तिच्या हातून पहिल्या महिन्यात काही पीस गेले, मास्टरांच्याही हातून जायचेच. आज कटिंग तिच्याकडंच आहे, आणि तो शेजारी घाईच्या दिवसांत तिला अर्ध्या दिवसासाठी मागतो. देत नाही.

पडून राहिलेल्या मालाचं काय झालं? पॅटर्न बदलला नाही अशा शाळांना लहान मापं गेली, पुढच्या वर्षीची मुलं त्या मापात बसली. मोठी मापं अडकली. कमी फीच्या काही खाजगी शाळा तर त्या दोन वर्षांत कायमच्या बंद झाल्या. त्यांच्या शर्टांचे लोगो उसवले तर भोकं राहायची, म्हणून अख्खा खिसा काढून कोरा खिसा लावला आणि पांढरे शर्ट म्हणून मंगळवार बाजारात फेरीवाल्यांना दिले, शिलाईसुद्धा निघाली नाही अशा भावात. चेक्सचे पिनाफोर, म्हणजे मुलींचे बिनबाह्यांचे फ्रॉक, मात्र कशातच खपेनात. त्यांच्या पिशव्या झाल्या.

जून २०२२ मध्ये शाळा पूर्ण भरल्या आणि उलटीच तऱ्हा. दोन वर्षांत मुलं वाढलेली, जुना कपडा एकाच्याही अंगाला येईना, सगळ्यांना सगळं एकदम हवं. ज्या दुकानदारांनी २०२० चे पैसे अजून दिले नव्हते तेही फोन करू लागले. जुनी बाकी द्या, मग माल. इतकं सोपं वाक्य वडिलांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. त्यांना मी बोलताना ऐकून कसंसंच झालं.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. एक, शर्ट कोराच शिवायचा. शाळेचं नाव आता विणलेल्या बिल्ल्यावर असतं आणि तो बिल्ला माल सुटायच्या आठवड्यात खिशावर बसतो. पिसामागं दोन-अडीच रुपये जास्त पडतात. शाळेनं ऐनवेळी ऑर्डर फिरवली तरी तोच शर्ट दुसऱ्या शाळेला जातो. दुसरी, ॲडव्हान्स. कापड घ्यायच्या आधी तीस टक्के मागतो. यावर शाळांचे संचालक नाक मुरडतात. हमीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०२४ मध्ये गेला आणि पाटल्या त्याआधी सुटल्या, तरी ही अट आम्ही काढली नाही.

परवा एका संस्थेचे सचिव म्हणाले, 'अहो, कोरोना गेला की आता, अजून कसले ॲडव्हान्स मागता?' चहा पाजला आणि कापडाचं बिल दाखवलं. त्यांनी वीस टक्क्यांचा चेक दिला. उरलेल्या दहाबद्दल बायको सोमवारी त्यांच्याशी बोलणार आहे.